वरचे सूर

— तिथे नको, तिथे नको, ते टेबल आधीच एका पायाने अधू आहे, खाली ठेवा, जमिनीवर, हां — अहो केवढं वजन ते, आणि हे उचलून जिना चढलात? चादरीत गुंडाळून? दारात बघितलं तेव्हा मला वाटलं कोणी चक्कर येऊन पडलंय आणि उचलून आणलंय. बसा. येतीलच हे इतक्यात. कुठे म्हणजे — पोस्टात गेलेत. काहीतरी काम होतं. नाही नाही, त्या खुर्चीत नको, म्हणजे बसा हवं तर, पण मग आल्यावर ती पुन्हा जागेवर लावत बसतील. जमिनीवर पांढरी चिकटपट्टी दिसतेय ना? पुढचे पाय बरोब्बर त्या पट्टीवर. बोटभर इकडे झाली की गाणारा माणूस म्हणे उजव्या भिंतीत जातो. तुम्ही आपले या दुसऱ्या खुर्चीत बसा, ही माझी, हिला पट्टी-बिट्टी काही नाही. — काय म्हणालात? अरे-तुरे करू? बरं झालं बाई, मलाही ते ‘तुम्ही’ जडच जात होतं. जन्म गेला माझा बालवर्ग शिकवण्यात, तुझ्याएवढ्या माणसाला ‘तुम्ही’ म्हटलं की उगाच खोटं बोलल्यासारखं वाटतं.

तर कोणी पाठवलं म्हणालास? दंतवैद्यांनी! मग झालंच. तुझी दाढ काढता काढता सांगितलं असेल — तोंड उघडं असलेल्या माणसाला काहीही सांगता येतं, तो नाही म्हणत नाही. आमच्याकडेच बसलेले असतात ते, ह्यांचे जिवलग. अख्ख्या गावाचे दात कोरतात आणि संध्याकाळी इथे येऊन यंत्रं कोरतात. शाबूत असलं तरी उघडून बघायची सवय, दुसरं काय! बरं, मला सांग, हे तुझं अॅम्प्लिफायर — बिघडलंय का? नाही? आवाज येतो? दोन्ही बाजूंनी? घरघर नाही, खरखर नाही? मग आणलंस कशाला? — ‘चांगलंच आहे काकू, पण आणखी चांगलं झालं तर.’ हेच! हेच वाक्य! या वाक्यापायी या खोलीत काय काय आलंय ते बघ एकदा. ती छोट्या छोट्या खणांची पेटी दिसते ना, प्रत्येक खणात कपॅसिटर, औषधाच्या डबीएवढे, शेंगेएवढे, डाळीएवढे — किराणा दुकान काढता येईल. घरी विचारून आलास का रे? लग्न झालंय ना? — हसलास, म्हणजे झालंय. आणि खाली बघतोयस, म्हणजे विचारलेलं नाही.

पण मी तुला उगाच नावं ठेवणार नाही हां, मी काही त्यातली नाही. फरक पडतो का? तर पडतो. मी माझ्या कानांनी ऐकलाय. आमचं हे यंत्र, तुझ्यासारखंच अॅम्प्लिफायर, घरात आलं ते काही नवंकोरं नव्हतं, पण जातिवंत, ह्यांनी फार मनापासून घेतलेलं. आणि काही वर्षांनी ते गुरगुरायला लागलं. गाणं सुरू व्हायच्या आधी एक गुर्र्र, जसं काही मांजर पाठीमागे बसलंय. ह्यांनी उघडलं, आतले मोठे कपॅसिटर सुकले होते, वरून फुगलेले, पापड जसा फुगतो तसे — ते काढून नवे घातले, आणि बाळा, मी स्वयंपाकघरात होते, हातात लाटणं, आणि तिथे मला कळलं. गुरगुर गेलेली. सगळं कसं धुऊन वाळत घातल्यासारखं. मी बाहेर येऊन म्हटलं, ‘अहो, काय केलंत?’ तर हे असे बघायला लागले माझ्याकडे, जसं काही मी परीक्षेत पहिली आलेय. तेव्हा मी त्या चार डब्यांचं कौतुक केलं ना, तिथेच चुकलं. माणसाला एकदा शाबासकी मिळाली की तो तेच तेच करत बसतो. बालवर्गात बघितलंय मी, एकाला ‘सुंदर सूर्य काढलास’ म्हटलं की वर्षभर सूर्यच.

मग सुरू झालं. फ्यूज बदलला. फ्यूज! जो जळून जाण्यासाठीच जन्माला येतो, तो ह्यांनी चांदीचा आणला. तो लावला, डोळे मिटून बसले, आणि म्हणाले, ‘पडदा उघडल्यासारखं वाटतंय गं.’ मग भिंतीतून येणारी वायर बदलली — पडदा उघडला. यंत्राखाली रबराऐवजी पितळेचे पाय — पडदा उघडला. मी म्हटलं, इतके पडदे उघडले, आता मागे भिंत तरी आहे का? दंतवैद्य प्रत्येक वेळी हजर, मान डोलवायला. आणि वरच्या मजल्यावरचे वकील प्रत्येक वेळी हजर, मान हलवायला. वकिलांचं म्हणणं एकच — ‘पुरावा काय?’ एकदा म्हणाले, माझ्या डोळ्यांवर पट्टी बांधा, जुनी वायर, नवी वायर, आलटून पालटून लावा, मी सांगतो. बांधली. लावली. तर वकील झोपून गेले! पट्टी काढली तेव्हा म्हणतात, ‘मला काही फरक जाणवला नाही.’ दंतवैद्य म्हणाले, ‘घोरताना कसा जाणवेल?’ मग दंतवैद्यांना पट्टी बांधली, तर ते जुन्या वायरला नवी म्हणून मोकळे झाले, आणि वर म्हणतात कसे — आज हवेत दमटपणा आहे. मी चहा घेऊन आले होते, हसून हसून चहा सांडला. हेही हसले. पण थोडंसं. ह्यांचं लक्ष त्या हसण्यात नव्हतं.

आता तुला वाटेल, हौशी माणूस, रिकामटेकडा, करमत नाही म्हणून चाललंय. तसं नाही रे. हे लिफ्टची तपासणी करायचे. निरनिराळ्या इमारतींच्या लिफ्ट, त्यांचे दोर, चाकं, ब्रेक. आणि तपासायचे कसे, तर आधी कानांनी. तळमजल्यावर उभे राहायचे, डोळे मिटून, वर सगळ्यात वरची चाकं फिरतायत, आणि हे खालून सांगायचे, डावीकडचं कोरडं पडलंय, तेल घाला. मी एकदा बरोबर होते, आम्ही कुणाच्या तरी बारशाला गेलो होतो, — असो, बारसं की काय ते मला आठवत नाही आता, पण लिफ्टमध्ये शिरलो आणि हे बाहेर पडले, मलाही ओढलं. म्हणाले, ‘जिन्याने.’ मी नवी साडी सावरत सगळे मजले चढले, शिव्या देत. दुसऱ्या दिवशी ती लिफ्ट मधेच अडकली, माणसं आत. तर असे ते कान. मी सगळ्यांना कौतुकाने सांगायचे, तानसेन नसले तरी आमचे हे कानसेन आहेत. त्या कानांवर पोट होतं आमचं, गंमत नाही. आणि कानांवर माणसं जगलीत.

आणि याच माणसाला, बाळा, मी स्वयंपाकघरातून हाक मारली तर ऐकू यायची नाही. — तू हसतोस, तुझी बायको पण हेच म्हणते वाटतं? म्हणू दे, पण तू अजून तरुण आहेस, तुझं ते नाटक असणार. मलाही नाटकच वाटायचं ना! तबलजीच्या बोटातल्या अंगठीचा आवाज येतो म्हणणारा माणूस, आणि मी विचारतेय ‘साखर संपलीय, आणता का,’ तर उत्तर नाही. ‘शिलाईचं दुकान उघडं असेल का?’ — उत्तर नाही. मुलीचा फोन आला की दोन वाक्यं बोलून फोन माझ्या हातात, ‘तू बोल.’ मला वाटायचं, पोरीत लक्ष नाही, माझ्यात तर नाहीच नाही. या कानाने ऐकून त्या कानाने सोडतात. खोलीत एकच खुर्ची होती तेव्हा, ही दुसरी नंतर आली. एकच खुर्ची, मधोमध, पट्टीवर. मी दारात उभी राहायचे आणि बघायचे, हे डोळे मिटून बसलेत, चेहरा असा शांत, — माझ्यासमोर कधी तसा चेहरा व्हायचा नाही. मी दार ओढून घ्यायचे. शेवटी शेवटी मी हाक मारणंच सोडलं. कशाला मारायची? दोन माणसांचं घर, आणि दोन खोल्यांत दोघं. हे सगळं मी तुला का सांगतेय देव जाणे. चहा घेतोस ना? नको? बरं.

हां, तर ती चिप. आतमध्ये एक छोटी काळी चिप असते, आठ पायांची, ढेकणासारखी, ती नुसती खोबणीत बसवलेली असते, काढायची आणि दुसरी दाबायची, सोल्डरसुद्धा करावं लागत नाही — तुझ्याकडेही आहे? मग सांभाळून. ह्यांनी नवी मागवली, कुठलीशी फार चपळ म्हणे, फार वेगवान. मोठा समारंभ केला. दंतवैद्य आले, वकील आले. ह्यांची बासरीची रेकॉर्ड लावली — ती ह्यांची ठरलेली, काहीही बदललं की आधी तीच. मी कॉफी घेऊन आत शिरले. हे डोळे मिटून म्हणतायत, ‘वरचे सूर मोकळे झाले.’ दंतवैद्य म्हणतायत, ‘काय तेज आहे!’ आणि मी दारात ट्रे घेऊन उभी आणि मला ऐकू येतंय — चीं... अशी बारीक शिट्टी, डाव्या स्पीकरमधून, न थांबणारी. मी म्हटलं, ‘अहो, हा डास कुठून आला?’

‘कसला डास?’

‘हा काय, चींचीं करतोय, डाव्या बाजूला.’

तिघांनी कान टवकारले. वकील उठून स्पीकरला कान लावून आले, दुकानात नारळ वाजवून बघतात तसा. म्हणाले, ‘मला काही ऐकू येत नाही.’ दंतवैद्य म्हणाले, ‘वहिनी, ते वरच्या सुरांचं तेज आहे, तुम्हाला सवय नाही.’ मी म्हटलं, ‘डॉक्टर, ही शिट्टी आहे. माझ्या वर्गात कोणी अशी वाजवली असती तर मी त्याला बाहेर उभा केला असता.’ मागच्या बाकावर कोण कुजबुजतंय ते मला फळ्याकडे तोंड करून कळायचं, मला कोण शिकवणार! दंतवैद्य हसले. वकील हसले. हे हसले नाहीत. हे उठले, कपाटातून ते हिरव्या पडद्याचं मोजायचं यंत्र काढलं, तारा लावल्या, बासरी बंद केली. आणि पडद्यावर रेघ आली. सरळ असायला हवी होती ना गाणं बंद असताना? ती थरथरत होती. बारीक बारीक, शिवणीसारखी. नवी चिप भलतीच चपळ, जुन्या सर्किटला ती झेपली नाही, आणि ती आपली आपणच शिट्टी वाजवत बसली होती — कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात तशी. तर ती शिट्टी दिसत होती. तिघेही बघत होते. पण ऐकू कोणालाच येत नव्हती, एक माझ्याशिवाय.

वकील म्हणाले, ‘पुरावा आला.’ नेहमीसारखं थट्टेत म्हणाले बिचारे. पण कोणी हसलं नाही. मग दंतवैद्यांना एकदम आठवलं की दवाखान्यात कोणीतरी येणार आहे, वकिलांना आठवलं की वर गॅस चालू आहे. कॉफी तशीच. दोघे गेले. हे खाली बसले, तिथे, जमिनीवर, यंत्राशेजारी. नवी चिप काढली, जुनी दाबली. मला विचारलं, ‘गेली?’ मी म्हटलं, ‘गेली.’ मग बराच वेळ चष्मा पुसत बसले. आणि म्हणाले, ‘कधीपासून?’ मी म्हटलं, ‘अहो आत्ताच, मी कॉफी घेऊन आले तेव्हापासून.’ तर म्हणाले, ‘तसं नाही गं. मला कधीपासून?’

तुला एक सांगू? वाईट दिसेल, पण सांगते. मला काय वाटलं असेल त्या वेळी? मला आनंद झाला. नवऱ्याला ऐकू येत नाही हे कळून आनंद झालेली बाई या जगात मीच असेन. पण बघ ना — साखर, शिलाई, सुई, शेजारीण, सगळी स आणि श ची वाक्यं! ती बारीक अक्षरं आधी जातात म्हणे, मागून कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं. म्हणजे माझं बोलणं सोडून देत नव्हते, ते पोचतच नव्हतं. इतकी वर्षं मी दार ओढून घेत होते, आणि आत बसलेल्या माणसाला ते दार ओढल्याचंसुद्धा ऐकू येत नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला, आणि आधी हसले, मग काय झालं ते तुला सांगायची गरज नाही.

पण हे नाही हसले. यंत्रावर चादर घातली, अशीच, तुझ्यासारखी, आणि खोली बंद. दिवसच्या दिवस. दंतवैद्य येऊन बेल वाजवून गेले. हे गॅलरीत बसायचे, खाली रस्त्याकडे बघत. मी म्हटलं, अहो, वय झालंय, सगळ्यांचंच होतं, त्या दोघांना तरी कुठे ऐकू आलं? तर म्हणाले — आणि हे मी विसरणार नाही — म्हणाले, ‘मला वाटत होतं यंत्र म्हातारं होतंय.’ कळलं का तुला? आवाज मंद होत चाललाय, झांजेची चमक गेलीय, बासरीतली हवा गेलीय, हे ह्यांना कळत होतं. कान तसे तयार, घटलेलं बरोबर कळलं. फक्त घटतंय कुठे ते कळलं नाही. म्हणून फ्यूज, म्हणून वायर, म्हणून कपॅसिटर. प्रत्येक वेळी नवं काही घातलं की चार दिवस वाटायचं, आलं परत. मग पुन्हा मंद. पुन्हा नवं. मी आपली पडद्यांवरून थट्टा करत होते आणि हा माणूस एकटा बसून गेलेलं परत आणत होता. सांगायचं होतं ना कुणाला तरी! पण सांगणार काय, स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

मग एक दिवस मीच उठले. चादर काढली, बटण दाबलं, आणि त्या खुर्चीत जाऊन बसले, मधोमध. बासरी लावली. खरंखुरं बसून ऐकायची माझी ती पहिली वेळ, इतक्या वर्षांत! नेहमी भिंतीपलीकडून ऐकलेली, भांड्यांच्या आवाजात. आणि काय सांगू — समोर माणूस बसल्यासारखा. मी ओरडले, मुद्दाम मोठ्याने, ‘अहो, हा श्वास घेतो!’ हे दारात आले. म्हणाले, ‘घेतो ना. लांब सुराच्या आधी. आणि दुसऱ्यांदा घेतो तेव्हा मागे कोणाचीतरी चटई सरकते.’ मी थांबले, ऐकलं, आणि खरंच, चटई. मी म्हटलं, ‘तुम्हाला ऐकू आली?’ तर मान हलवली. नाही. सगळी रेकॉर्ड पाठ होती, ते आठवणीतून ऐकत होते. मग रोज संध्याकाळी तेच. मी खुर्चीत, हे मागे उभे, खुर्चीच्या पाठीवर हात. मी सांगायचं काय ऐकू येतंय, ह्यांनी म्हणायचं बरोबर. कधी म्हणायचे, ‘थांब, आता तंबोऱ्याची तार जराशी उतरेल,’ आणि उतरायची. तेव्हा ही दुसरी खुर्ची आली. ह्यांनीच आणली, मला न विचारता.

तर एकदा मुलीने एक नवी रेकॉर्ड पाठवली. लावली. मी सांगतेय, असं आहे, तसं आहे, मधे बाई हसते — आणि ह्यांनी रेकॉर्ड बंद केली. म्हणाले, ‘जुनं सगळं ऐकू येतं गं मला. नवीन काही आता ऐकायला मिळायचं नाही.’ बस्स. दुसऱ्या दिवशी हे स्वतःच चप्पल घालून गेले कानाच्या डॉक्टरांकडे. आणि आणलं की रे — कानातलं! लग्न झाल्यापासून मला एक धड कानातलं आणलं नाही या माणसाने, स्वतःला मात्र जोडी घेऊन आले. एवढंसं, शेंगदाण्याएवढं. पण पहिल्या दिवशी मी वर्तमानपत्र उघडलं आणि हे दचकले. म्हणे, पत्रा फाडतेस का? बासरी लावली तर म्हणे, पत्र्याच्या डब्यात वाजतेय. काढून ठेवलं. आणि मी आंघोळीहून येऊन बघते तर काय — टेबलावर दिवा, डोळ्याला भिंग, हातात तो केसाएवढा स्क्रू-ड्रायव्हर, आणि ते कानातलं यंत्र उघडून बसलेत! मी किंचाळले. तर म्हणतात, ‘बघतोय फक्त. आत कसली चिप घातलीय कोण जाणे. चांगली घातली तर बहुतेक वरचे सूर...’ अरे देवा! डॉक्टरांकडे परत नेलं तर तिथल्या बाईंनी विचारलं, हे उघडलं होतं का कोणी? मी म्हटलं, पडलं हो, जिन्यावरून पडलं. आता आज ते पुन्हा सगळं मापून, नवी जोडी बसवून — काय?

पोस्ट? हो ना, पोस्टातच गेलेत. — दुपारनंतर बंद असतं? तू आलास त्याच रस्त्याने, कुलूप होतं? बघ, खोटं बोलायचं तर आधी कुलूप बघून यावं माणसाने. आता कळलंच आहे तर ऐक, पण दंतवैद्यांना बोलायचं नाही, वकिलांना तर नाहीच. सकाळीच बजावून गेलेत, आज पुन्हा पत्र्याचा आवाज आला तर ते तिथेच परत करणार, आणि मग या घरात तो विषय काढायचा नाही. आणि ह्यांचं ‘नाही’ म्हणजे ‘नाही’, लिफ्टला कुलूप लावलं की लावलं. म्हणून बडबडतेय मी इतकी. एरवी बोलत नाही. म्हणजे बोलते, पण इतकी नाही.

तुझं राहिलंच. बदलायचं की नाही? माझं ऐकशील तर, फुगलं असेल, सुकलं असेल, गुरगुरत असेल तर बदल, आणि हे हसत हसत बदलून देतील. चांगलं असेल तर — हौसेला मोल नाही, तेही बदल, पण नंतर एकटा बसून पडदा उघडला म्हणून सांगू नकोस. बायकोला बसव. तिला कपॅसिटर माहीत नाही ते बरंच आहे, तिला विचार काय ऐकू येतं. ती म्हणाली डास आहे, तर डास आहे. आणि काही फरक नाही म्हणाली, तर नाही, तू गपगुमान कॉफी पी. ऐकायला एकच खुर्ची आहे का रे घरात? दोन आहेत? चांगलं आहे. म्हणजे तुझं बरं आहे आमच्यापेक्षा.

श्श. जिना. तेच आहेत, ती ओढत्या पायाची चाल. लक्षात ठेव हां, पोस्ट. तू काही विचारायचं नाहीस, मी पण नाही. आधी चेहरा बघू दे मला. — दार उघडंच आहे, येतील. आले. चप्पल काढतायत, पाठ आपल्याकडे. कानाला आहे का काही, दिसतंय तुला इथून? मला नाही दिसत, तो लांबचा कोपरा फार अंधारा आहे. आणि शर्ट बघ, मागून सगळा बाहेर आलाय, असाच गेला असणार हा माणूस त्या चारचौघांत, ध्यान कुठलं —

काय?

काय म्हणालात?

नाही, मी... मी ह्याच्याशी बोलत होते, हळूच. — ध्यान. हो. म्हटलं मी ध्यान. शर्टावरून. अहो, तिथून? चपला काढता काढता?

...

बाळा, तू जा आता. उद्या ये. नाही, ते राहू दे इथेच, काही होत नाही त्याला. उद्या, हवं तेव्हा ये. बायकोला घेऊन ये. जा ना — आणि दार ओढून घे जाताना. हळू.